रोज 100 पॅलेटची ऑर्डर आणि एक छोटी पोर्टेबल सॉ मिल: प्रॉडक्शन नक्की कुठून वाढतं

आधी प्रश्न काय आहे तो थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. हे भाऊ आजऱ्याच्या बाजूचे, वडिलांची जुनी लायसनवाली वखार आहे, तिथे त्यांनी चाकावरची छोटी आडवी बँडसॉ (पट्टीसारख्या लांब ब्लेडची करवत) घेतली आणि शेतकऱ्यांचा आंबा, फणस, सिल्व्हर ओक चिरून देतात, हाताखाली दोन हेल्पर. आता कागल एमआयडीसीतल्या एका कंपनीने रोज 100 पॅलेट (माल ठेवून फोर्कलिफ्टने उचलायच्या लाकडी फळ्या-पट्ट्यांच्या चौकटी) मागितलेत, माल एक्स्पोर्टला जाणारं कास्टिंग. तर अजून एक तसलीच मशीन घ्यावी, का कर्ज काढून मोठी लाईनच टाकावी, असा प्रश्न आहे.

मी सांगेन आत्ता दोन्ही नको. मशीन शेवटी घ्या. आधी तुमच्या आहे त्या मशीनची करवत दिवसातून किती वेळ खरोखर लाकडात असते ते बघा, कारण सॉ मिलचं प्रॉडक्शन करवतीच्या आजूबाजूला वाढतं, करवतीत फार कमी वाढतं. हे मी एवढ्या खात्रीने का म्हणतो ते पुढे हिशोबाने दाखवतो, पण त्याच्या आधी लायसनचं बोलायलाच पाहिजे नाहीतर बाकी सगळं फुकट.

बऱ्याच जणांचा समज आहे की मशीन चाकावर आहे, ट्रॅक्टरला जोडून नेता येते, म्हणजे ती सॉ मिल नाही. असं नाहीये. पॉवरवर किंवा इंजिनवर गोल लाकूड चिरायचं यंत्र आणि ते जिथे चालतं ती जागा, दोन्ही मिळून सॉ मिल धरतात, त्यामुळे तुमचं लायसन वखारीच्या जागेचं असेल आणि तुम्ही मशीन कुणाच्या बांधावर नेऊन चिराई करत असाल तर पहिल्यांदा वनखात्याच्या रेंज ऑफिसला जाऊन ते लेखी क्लिअर करून घ्या. ह्या गोष्टी इतक्या कडक का झाल्या तर गोदावर्मन केस, म्हणजे सुप्रीम कोर्टातला जंगलतोडीबद्दलचा खटला. 12 डिसेंबर 1996 चा सुप्रीम कोर्टाचा आदेश, मग 1997 मध्ये विनालायसन मिल बंद करायचे आदेश, मग 30 ऑक्टोबर 2002 ला नवीन सॉ मिल केंद्रीय समितीच्या परवानगीशिवाय नाही असं झालं, 2015 मध्ये ते काम राज्य पातळीवरच्या समितीकडे आलं आणि नोव्हेंबर 2016 मध्ये केंद्राच्या मार्गदर्शक सूचना आल्या. मुद्दा एवढाच की समिती नवीन लायसन देताना किंवा क्षमता वाढवताना भागात लाकूड किती उपलब्ध आहे ते बघते. अधिसूचित जंगलापासून अंतराची पण अट आहे, नगरपालिका हद्द आणि औद्योगिक वसाहतीला त्यात वेगळा नियम आहे. आजरा-चंदगड भागात जंगल कुठे लांब आहे? म्हणून जुनं लायसन म्हणजे तुमच्याकडची सगळ्यात किमती वस्तू, मशीनपेक्षा सुद्धा. त्यावर किती मशीन, किती एचपी, वर्षाला किती माल असं जे काही लिहिलंय ते आज रात्रीच काढून वाचा, वडिलांच्या नावावर असेल तर नाव बदलायचं काम आधी लावा, आणि दुसरी करवत बसवायच्या आधी मंजुरी हातात पाहिजे. ॲडव्हान्स देऊन मशीन आणायची आणि मग अर्ज टाकायचा हा उलटा क्रम कितीतरी लोकांनी केलाय आणि मशीन ताडपत्रीखाली गंजत पडलीय.

आता 100 पॅलेटचा हिशोब. 1200 बाय 1000 चं साधं चारी बाजूंनी फोर्क जाणारं पॅलेट धरलं तर दीड घनफूटच्या आसपास चिरलेला माल लागतो, डिझाईननुसार कमीजास्त. 100 पॅलेट म्हणजे रोज 150 घनफूट. छोट्या वाकड्या ओंडक्यातून निम्मा माल निघाला तर चांगलं म्हणायचं, म्हणजे रोज 300 घनफूट गोल लाकूड. ओलं लाकूड घनफुटाला 28 किलोच्या आसपास धरा, म्हणजे साडेआठ टन. कळलं का? रोज जवळपास एक भरलेला ट्रक तुमच्या गेटमधून आत आला पाहिजे, महिन्याला 25 ट्रक, आणि रोज चारेक टन भुसा, साली, तुकडे बाहेर गेले पाहिजेत. दोन हेल्पर आणि हाताने ओंडके फिरवायची मशीन दिवसाला साधारण 80 ते 100 घनफूट चिरलेला माल काढते, तो पण माल सरळ असला आणि कुणी दांडी मारली नाही तर. म्हणजे तुम्ही अर्ध्याच्या थोडे पुढे आहात. हे अंतर तुम्हाला वाटतंय तेवढं मोठं नाहीये, फक्त ते चुकीच्या ठिकाणी पैसे घालून भरून निघणार नाही.

म्हणून म्हणतो, एक आठवडा कुणाला तरी मोबाईलमधलं स्टॉपवॉच घेऊन मशीनजवळ बसवा. घरातलं कॉलेजचं पोरगं असेल तर उत्तम. ब्लेड लाकडात शिरलं की चालू, बाहेर आलं की बंद, एवढंच. आणि बंद असताना का बंद ते लिहायचं: ओंडका आणतायत, फिरवतायत, माप लावतायत, फळी उचलतायत, ब्लेड बदलतायत, लाईट गेली, चहा, गिऱ्हाईकाशी बोलत होतो. मी ज्या छोट्या मिल बघितल्यात त्यातल्या बऱ्याच ठिकाणी शिफ्टच्या 480 मिनिटांतली जेमतेम 160 मिनिटं करवत लाकडात असते, बाकीची 320 इकडेतिकडे. आता समजा तुम्ही दुप्पट वेगाने कापणारी भारी मशीन आणली. 160 ची 80 झाली, पण ती 320 तशीच, म्हणजे तेवढाच माल 400 मिनिटांत, प्रॉडक्शन वाढलं 20 टक्के. त्याच्याऐवजी मशीन तीच ठेवली आणि इकडेतिकडेची 320 मिनिटं निम्मी केली तर तेवढाच माल 320 मिनिटांत निघतो, म्हणजे 50 टक्के वाढ, आणि त्याला लागतं काय तर चार गर्डर, थोडे रोलर आणि डोकं. हे गणित ज्याला पटलं त्याची मिल वाढते. ज्याला नाही पटलं तो दर दोन वर्षांनी मशीन बदलत बसतो.

तर ही 320 मिनिटं कशी खायची. पहिलं काम ओंडक्यांचा रॅम्प. मशीनच्या बेडच्या उंचीला दोन जुने गर्डर टाका, बेडकडे हलका उतार, त्यावर सकाळीच दिवसाचा निम्मा माल लावून ठेवायचा, हायड्रा क्रेन किंवा ट्रॅक्टर लोडर सकाळी तासभर भाड्याने आला तरी चालतो, दिवसभर उभा करायची गरज नाही. ओंडका पहारीने जमिनीवरून उचलून बेडवर चढवणं ही गोष्ट तुमच्या मिलवर परत कधी दिसता कामा नये, त्यात वेळ तर जातोच पण माणसांची कंबर जाते आणि दुपारी तीननंतर त्यांचा वेग बघा, सगळं लक्षात येईल. उतारावर गुटका किंवा स्टॉपर मात्र लोखंडी आणि पक्का पाहिजे, सुटलेला ओंडका माणसाला चिरडतो, ह्यात तडजोड नाही. दुसरं, लांबी आधीच कापायची. पॅलेटला तुम्हाला 1200 आणि 1000 चे तुकडे लागतात, तर 10 फुटी वाकडा ओंडका तसाच मशीनवर चढवून वाकडेपणाशी मारामारी कशाला, यार्डातच चेनसॉने तुकडे करा, वाक दोन तुकड्यांत वाटला जातो आणि माल जास्त निघतो. पॅलेटच्या धंद्याची हीच तर मजा आहे की फर्निचरवाल्याला नको असलेला आखूड वाकडा माल इथे चालतो. फक्त अगदी आखूड तुकडे बेडवर नीट धरायला क्लॅम्पची सोय लागते, ती करून घ्या, आणि 1200 च्या जोडीत 2400 ठेवता आलं तर फेऱ्या वाचतात. तिसरं, चिरलेली फळी मशीनच्या तोंडाशी साठता कामा नये, रोलर टेबल लावा, एकीकडे माल, दुसरीकडे साली. चौथं, जाडीनुसार लाकडी किंवा लोखंडी ठोकळ्यांचा सेटवर्क करा किंवा डिजिटल स्केल लावा, दर वेळी टेप काढून बघणं बंद. एवढं केल्यावर परत आठवडाभर स्टॉपवॉच लावा.

आता खरी उडी. तुमची मशीन आत्ता सगळं काम एकटी करते, ओंडक्याच्या बाजू काढण्यापासून शेवटची 18 मिलीची पट्टी पाडण्यापर्यंत. हे थांबवायचं. मोठ्या मिलमध्ये मुख्य करवत फक्त ओंडका उघडते आणि चौरस करते, बारीक काम दुसरीकडे जातं. उदाहरण बघा, 12 इंची ओंडक्यातून 200 बाय 200 चा चौरस निघतो. ह्याच मशीनवर तो पूर्ण पट्ट्या होईपर्यंत नेला तर चार बाजूंचे चार काप, मध्ये दोन भाग करायचा एक, आणि मग वरून खाली नऊ, म्हणजे 14 फेऱ्या आणि प्रत्येक फेरीला डोकं परत मागे आणायचं. तेच तुम्ही चौरस करून, मध्ये एक काप मारून पुढे ढकललं तर 5 फेऱ्यांत मुख्य मशीन मोकळी, पुढचा ओंडका चढवायला तयार. म्हणजे दुसरं मशीन घ्यायचंच तर ते पहिल्याची जुळी बहीण नको, त्याच्या पुढचं काम करणारं पाहिजे.

पुढचं काम करायला दोन पर्याय आहेत आणि इथे लोक घाईत ठरवतात. एक मल्टीरिप, म्हणजे एका शाफ्टवर ओळीने बरीच गोल पाती, चौरस एकीकडून घातला की दुसरीकडून पट्ट्याच बाहेर. वेग जबरदस्त. पण एकेक पातं साडेतीन मिलीच्या आसपास लाकूड खातं. दुसरा म्हणजे पातळ ब्लेडची आडवी रिसॉ, ती दोनच मिली खाते पण एका वेळी एक पट्टी पाडते (दोन-तीन डोक्यांची पण मिळते, महाग). 200 च्या चौरसात 18 च्या पट्ट्या बसवून बघा: दोन मिलीच्या कापाने 10 पट्ट्या बसतात, साडेतीनच्या कापाने 9. दहातली एक पट्टी रोज भुशात. लाकूड स्वस्त आणि मजुरी महाग असेल तर मल्टीरिप, लाकूड महाग असेल तर रिसॉ. तुमच्या भागात निलगिरी, अकेशिया, जुना काजू असा माल अजून परवडणाऱ्या भावात मिळतोय आणि टिकणारी माणसं मिळत नाहीयेत, म्हणून मी तुम्हाला छोटी मल्टीरिप सुचवेन, यमुनानगरला किंवा राजकोटकडे बनते, पण घेण्याआधी तुमचाच ओला अकेशिया दोन क्विंटल घेऊन जा आणि समोर चालवून बघा. सुक्या पाईनवर डेमो दाखवतात, तो बघून ठरवू नका. मोटरचा लोड किती जातो ते पण तिथेच ॲमीटरवर बघून घ्या कारण महावितरणचा मंजूर लोड वाढवायला वेळ जातो, आणि गावठाणच्या फीडरवर संध्याकाळी व्होल्टेज पडलं की मोटर जळते. आणि हो, मल्टीरिपची गोल पाती पण करवतच आहेत, लायसनच्या मंजुरीत ती धरून अर्ज करा.

ह्या सगळ्यापेक्षा एक गोष्ट जास्त महत्त्वाची आहे आणि तिच्याबद्दल कुणी विचारतच नाही, ती म्हणजे ब्लेड. पातळ ब्लेडची मशीन चालते ती धारेवर, मोटरवर नाही. 32 ते 38 मिली रुंद, मिलीभर जाडीचं ब्लेड आहे ते, बोथट झालं की ते सरळ जातच नाही, फळीत लाट येते, मिस्त्री मग जोर लावतो, ब्लेड तापतं, दाताच्या मुळाशी बारीक चीर पडते आणि तुटतं. बोथट व्हायचं कारण लाकूड क्वचितच असतं, कारण असते माती. कोकणातून येणाऱ्या ओंडक्याच्या सालीत जांभ्याची खडी अडकलेली असते, रस्त्यावरून ओढून आणलेल्या मालात तर विचारूच नका. प्रेशर वॉशर लावा किंवा जिथे काप जाणार तिथली साल कुऱ्हाडीने काढा, एका ओंडक्याला दोन मिनिटं जातात आणि ब्लेड दुप्पट चालतं. बांधावरच्या आणि घराजवळच्या आंब्या-फणसात खिळे, तारा, कंपाऊंडचे यू-क्लिप हमखास, हातातला मेटल डिटेक्टर घ्या, तो काही महाग नाही.

धार बाहेरून लावून आणत असाल तर जास्त प्रॉडक्शन विसरा. स्वतःचं ग्राइंडर आणि सेटर (ब्लेडचे दात बाजूला वाकवायचं यंत्र) पाहिजे आणि ते चालवणारा एक माणूस पाहिजे ज्याचं तेच काम मुख्य. ब्लेड बंद पडेपर्यंत चालवायचं नाही, ठराविक तासांनी उतरवायचं, चांगलं कापत असलं तरी. दोन तासांनी बदलायचं असं धरलं तर शिफ्टला चार-पाच ब्लेड, आणि तेवढीच दुसऱ्या दिवसासाठी तयार, तेवढीच धारेला. उतरवलेलं ब्लेड लगेच परत चढवू नका, टांगून ठेवा, ताण सुटू दे. दाताचा कोन लाकडाप्रमाणे: पाईन, सिल्व्हर ओकसारख्या नरम मालाला 10 अंशाचा हुक चालतो, अकेशिया, जुना काजू, सुकलेला निलगिरी अशा कडक मालाला 7 किंवा 4 अंशाचा घ्या. दातांचा सेट, म्हणजे बाहेरचा वाक, दोन्ही बाजूंना सारखा आहे का ते गेजवर बघायचं, डोळ्याने नाही. एका बाजूचा सेट जास्त झाला की ब्लेड त्या बाजूला ओढतं आणि मग लोक मशीनची अलाईनमेंट सोडवत बसतात. ब्लेडवर पाणी थेंब थेंब चालू ठेवा, पाईनचा राळवाला माल असेल तर थोडं साबणाचं पाणी.

आता लाकडाची खरेदी. आपल्याकडे असा माल टनावर घेतात, आणि तुम्ही विकता घनफुटावर किंवा नगावर, ह्या दोघांच्या मधल्या फटीत मिल मरते किंवा जगते. ताजा माल टनावर घेतला की तुम्ही पाण्याचे पैसे देता, एक टन ओल्या मालात खरं घनफळ 35 घनफूटच्या आसपास. घेर चौथाई करून वर्ग करायच्या जुन्या पद्धतीने मोजलं तर तेच 28 भरतं, कारण त्या सूत्रात खऱ्यापेक्षा एकवीस-बावीस टक्के कमीच येतं. त्यामुळे दोन मिलवाले रिकव्हरी (गोल लाकडातून किती टक्के चिरलेला माल निघाला) किती म्हणून गप्पा मारतात तेव्हा एक जण खऱ्या घनफळावर बोलतो, दुसरा चौथाईवर, आणि दोघांचे आकडे जुळत नाहीत. तुम्ही एकच पद्धत धरा आणि प्रत्येक ट्रकची रिकव्हरी लिहा. का लिहायची ते सांगतो. समजा माल 6000 रुपये टन पडला, म्हणजे गोल घनफूट 171 रुपयांना. 50 टक्के रिकव्हरी असेल तर चिरलेला घनफूट 343 ला पडला, 42 टक्के असेल तर 408 ला. 65 रुपयांचा फरक, रोजच्या 150 घनफुटावर पावणेदहा हजारांच्या घरात. रोज! एवढ्या पैशात तुमचा अख्खा स्टाफ निघतो. भाव तुमच्याकडचा घालून गणित परत करा, पण करा.

जातीनुसार दोन गोष्टी. निलगिरीत आतला ताण फार, एकाच बाजूने फळ्या काढत गेलात तर उरलेला ओंडका धनुष्यासारखा वाकतो, म्हणून एक काप इकडून, ओंडका फिरवून एक समोरून, असं सारखं सारखं काढत चौरसावर यायचं, आणि तोडल्यावर लवकर चिरायचा, टोकं फाटायच्या आत. रबर तुम्हाला दोडामार्ग, सावंतवाडी, गोव्याकडून मिळू शकतो, केरळात पेरुंबावूरला पॅकिंगचा केवढा तरी धंदा त्यावर चालतो, पण तोडल्यापासून काही दिवसांत निळा पडतो आणि भुंगा लागतो, त्यामुळे चिरल्याबरोबर बोरॅक्स-बोरिकच्या पाण्यात बुडवायची टाकी नसेल तर रबराच्या नादी लागू नका.

तोड परवानगी आणि टीपी (ट्रान्झिट पास, लाकूड वाहतुकीचा परवाना) ह्याबद्दल तुम्हाला माहिती असणारच. आंबा, फणस, ऐन, किंजळ, जांभूळ, साग ही सगळी 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीतली झाडं, त्यांच्या परवानगीवर रोजचा ट्रक अवलंबून ठेवता येत नाही. म्हणून नियमित प्रॉडक्शनचा कणा निलगिरी, अकेशिया, सिल्व्हर ओक अशा लावलेल्या मालावर ठेवा, आंबा-फणस आला तर फर्निचरच्या फळ्या काढून वेगळा विका, पॅलेटमध्ये घालू नका. कुठल्या जातीला कुठे टीपी लागतो ती यादी बदलत राहते, ताजी यादी रेंज ऑफिसातून घ्या. खानापूर-बेळगावकडून माल आणणार असाल तर राज्याची हद्द ओलांडतोय हे विसरू नका, डिसेंबर 2023 पासून देशभराची ऑनलाईन ट्रान्झिट पास सिस्टीम आलीय, तिचा उपयोग करा. आवक-जावक रजिस्टर रोजच्या रोज. महिन्याला 25 ट्रक यायला लागले की तपासणीही वाढणार, आणि वाढायलाच पाहिजे, कारण चोरीचा माल ज्या मिलमध्ये शिरतो तिच्या शेजारच्या प्रामाणिक मिलचा भाव पडतो.

पावसाळा. जूनपासून चार महिने घाटाखाली आणि तुमच्या पट्ट्यात पण मळ्यातनं ट्रक निघत नाही. कंपनीला त्याचं काही नसतं, तिला रोज 100 पाहिजेत. म्हणजे मे अखेर निदान दोन-अडीच महिन्यांचा साठा यार्डात, त्यासाठी जागा, भांडवल, टोकांना मेण किंवा रंग. हा साठा किती रुपये अडकवून ठेवतो ते बघितलंत की मशीनच्या कर्जापेक्षा खेळतं भांडवल मोठं निघेल. त्या महिन्यांत कांडला किंवा न्हावाशेवाकडून आलेल्या पाईनचा चिरलेला माल घेऊन कमी मार्जिनवर ऑर्डर चालू ठेवणारे पण आहेत, तो वाईट मार्ग नाही, फक्त पॅलेटचा रेट ठरवताना त्या महिन्यांचा वेगळा रेट आधीच लिहून घ्या.

एक्स्पोर्टचं पॅलेट आहे म्हणजे आयएसपीएम 15 आलं, म्हणजे पॅकिंगच्या लाकडातून कीड दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणूनचा आंतरराष्ट्रीय नियम. लाकडाच्या गाभ्यात 56 डिग्री तापमान सलग 30 मिनिटं, आणि मग गव्हाच्या ओंबीचा आयपीपीसी शिक्का. तो शिक्का केंद्राच्या वनस्पती संरक्षण खात्याची मान्यता असलेल्या युनिटलाच मारता येतो. सुरुवातीला स्वतःचं चेंबर बांधू नका, मान्यता असलेल्या युनिटकडे जॉबवर करून घ्या, खर्च रेटमध्ये धरा. साल पण काढलेली लागते: 3 सेंटीमीटरपेक्षा अरुंद सालीची पट्टी कितीही लांब असली तर चालते, त्याहून रुंद असेल तर तुकडा 50 चौरस सेंटीमीटरच्या आत पाहिजे. मशीनवरच्या मिस्त्रीला हे तोंडपाठ पाहिजे, नाहीतर अख्खा लॉट परत येतो.

रोज उरणाऱ्या चारेक टन भुसा-सालीचं काय करायचं ते ऑर्डर घ्यायच्या आधी ठरवा. सालीचे तुकडे वीटभट्टी, बेकरी, इचलकरंजीकडच्या सायझिंगच्या (सुताला खळ लावणाऱ्या कारखान्यांच्या) बॉयलरला, भुसा ब्रिकेटवाल्यांना आणि पोल्ट्रीला. दर कमी मिळाला तरी चालेल पण ठरलेल्या दिवशी गाडी भरून नेणारा माणूस पाहिजे, कारण भुसा दोन दिवस साठला की मशीन थांबते, आणि मोटरच्या ठिणगीने आग लागते. विमा काढताना साठ्याचा पण काढा, नुसत्या मशीनचा नको.

माणसांचं एक सांगतो. जास्त प्रॉडक्शन म्हणजे माणसांना पळवणं नव्हे. नगावर मजुरी लावली की गार्ड काढून काम चालू होतं, चालत्या ब्लेडजवळून हाताने साल ओढली जाते, आणि एक बोट गेलं की त्या घराचं काय होतं ते मी जवळून बघितलंय. पगार महिन्याचा द्या, महिन्याच्या टार्गेटवर बोनस द्या, आणि त्या बोनसमध्ये ब्लेडचं आयुष्य आणि रिकव्हरी पण धरा. उपरणं, लुंगी, सैल बाही मशीनवर नाही, कानात प्लग, पायात बूट. पॉवरवर 20 माणसं झाली की फॅक्टरीचे नियम लागतात, त्याच्या आधी 10 वरच ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा), हे धरून चला.

आणि कंपनीशी बोलताना रोज 100 ला लगेच हो म्हणू नका. 40 ने सुरुवात, तीन महिन्यांनी 70, मग 100, असा लेखी टप्पा मागा, चांगली कंपनी देते कारण त्यांनाही लाईन थांबलेली परवडत नाही. पहिल्या टप्प्यात तुमची आहे ती मशीन, रॅम्प, रोलर, धारेची खोली आणि दोन नेलगन कंप्रेसरसकट एवढ्यावर भागतं. दुसऱ्या टप्प्याला मल्टीरिप. तिसऱ्याला जाईपर्यंत लायसनची मंजुरी आणि पावसाळ्याचा साठा दोन्ही हातात असले पाहिजेत. उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) केलं नसेल तर करा, त्यामुळे 2006 च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे पेमेंट जास्तीत जास्त 45 दिवसांत मागता येतं, आणि आर्थिक वर्ष 2023-24 पासून उशीर करणाऱ्या कंपनीला त्या खर्चाची इन्कम टॅक्समधली वजावट त्या वर्षी मिळत नाही, त्यामुळे अकाउंटवाले जरा ऐकतात. पण पर्चेस ऑर्डरवर दिवस लिहून घ्या, कारण लाकूडवाला आणि ट्रकवाला तुमच्याकडून पैसे रोखच मागणार, 45 दिवस तुमच्या खिशातून जाणार, आणि रोजच्या एका ट्रकला 45 ने गुणलं की किती होतं ते बँकेत जायच्या आधी कागदावर लिहून बघा.

स्टॉपवॉचचे आकडे आठवड्याने पाठवा, लाकडाची जात आणि ओंडक्यांची सरासरी जाडी पण लिहा, मग रॅम्प कुठल्या बाजूला आणि मल्टीरिप किती एचपीची ते नीट सांगता येईल.